लिफ्ट बंद, तक्रार बंद

मी सॉफ्टवेअरमध्ये होते असं सांगितलं की लोक लगेच खिशातून मोबाइल काढतात आणि म्हणतात, "जरा बघा ना, हा हँग होतोय." डोंबिवलीत आमच्या सोसायटीत तर मला प्रिंटरवाल्या बाई म्हणूनच ओळखतात. समजावणं मी केव्हाच सोडलंय. प्रिंटरला दोन थपडा मारते, तो सुरू होतो आणि माझा मान राहतो. पण आज दिवाळी अंकाच्या निमित्तानं ऐसपैस जागा मिळालीच आहे, तर मी इतकी वर्षं नेमकं काय करत होते ते एकदाचं सांगून टाकते.

ठाण्याला कोपरीत आमच्या कंपनीचं ऑफिस. ही कंपनी लिफ्ट बनवत नाही आणि बसवतही नाही. दुसऱ्यांनी बसवलेल्या लिफ्ट सांभाळते. घोडबंदर रोडच्या उंच टॉवरपासून ठाकुर्लीच्या सहामजली सोसायट्यांपर्यंत सगळीकडे आमचे मेकॅनिक. लिफ्ट अडली की आमच्याकडे फोन येतो, तक्रार नोंदली जाते, मेकॅनिक जातो, लिफ्ट सुरू होते. मी नोकरीला लागले तेव्हा ही नोंद एका जाड रजिस्टरमध्ये व्हायची आणि ते माझ्या ताब्यात असायचं. पुढे रजिस्टर जाऊन एका परदेशी कंपनीचं सॉफ्टवेअर आलं. ज्याच्या हाती रजिस्टर त्याच्याच गळ्यात सॉफ्टवेअर, या न्यायानं मी त्याची ॲडमिन झाले.

ॲडमिन म्हणजे काय? सॉफ्टवेअर विकत मिळतं, पण ते रिकाम्या फ्लॅटसारखं. कुठल्या खोलीत कोणी शिरायचं, कुठल्या चौकटीत काय भरायचं, एक गोष्ट झाली की तिच्यामागे आपोआप दुसरी कोणती व्हायची, हे सगळं कुणीतरी बसून ठरवावं लागतं. ते ठरवणारी बाई मी. वरवर पाहता हे काम संगणकाचं वाटतं. खरं तर ते माणसांच्या खोडींचं आहे. एकदा मी 'बिघाडाचं कारण' ही चौकट सक्तीची केली. ती भरल्याशिवाय पुढे जाताच येणार नाही अशी. पहिल्याच दिवशी सगळ्या मेकॅनिकनी त्यात एक टिंब टाकलं आणि पुढे गेले. महिनाअखेर मी मोठ्या ऐटीत कारणांचा अहवाल काढला, तर ठाणे जिल्ह्यातल्या बहुतेक लिफ्ट टिंबामुळे बिघडत होत्या.

गिऱ्हाइकंही काही कमी नव्हती. घोडबंदरच्या एका गृहस्थांची तक्रार होती की लिफ्टमध्ये मजल्याचं नाव सांगणारी बाई त्यांच्याशीच तुसडेपणानं बोलते, बाकीच्यांशी गोड. ही तक्रार कुठल्या प्रकारात घालायची हे मला निवृत्त होईपर्यंत सुचलं नाही.

वर्षातून तीनदा ती परदेशी कंपनी सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती काढायची. ऑफिसात त्याला रिलीज म्हणायचे आणि रिलीज म्हटलं की सगळ्यांच्या कपाळाला आठ्या पडायच्या, कारण सवयीची बटणं जागा बदलायची. मला मात्र रिलीज जवळ आला की लग्नघरात वावरल्यासारखं व्हायचं. नवीन काय काय आलंय ते सांगणारी शेकडो पानं यायची. ती मी छापून घ्यायची आणि पेन्सिल घेऊन वाचायची. आमचे हे म्हणायचे, "अगं, त्यापेक्षा एखादी रहस्यकथा वाच, शेवटी खून कुणी केला ते तरी कळेल." त्यांना काय ठाऊक, रहस्य त्यातही असायचं. गेल्या वर्षी जे जमत नव्हतं म्हणून मी डोकं आपटलं होतं, ते पान दोनशे चाळीसवर दोन ओळींत सोडवलेलं सापडायचं. अशा वेळी मी स्वयंपाकघरात एकटीच टाळी वाजवत असे.

रिलीज थेट कामावर चढवायचा नसतो. आधी आपल्या सॉफ्टवेअरची हुबेहूब प्रत घेऊन तिच्यात सगळं करून बघायचं. त्या प्रतीला आम्ही 'रंगीत तालीम' म्हणायचो. तिथं काहीही मोडलं तरी खऱ्या गिऱ्हाइकाला कळत नाही.

ज्या रिलीजची गोष्ट सांगायला बसले आहे, त्याची पानं वाचताना मात्र मी जागची उठलेच. मेकॅनिकच्या हातात जे मोबाइल ॲप असायचं, ते आता आम्हाला हवं तसं नव्यानं बांधता येणार होतं, आणि त्यातला प्रत्येक शब्द आपल्या भाषेत लिहिता येणार होता. तोवर ॲप इंग्रजीत होतं. आमचे बरेचसे मेकॅनिक आसपासच्या गावांतले, हात सोन्याचे, पण इंग्रजीशी त्यांचं वाकडं. मी ठरवलं, सगळं मराठी करायचं.

तीन आठवडे मी झपाटल्यासारखी शब्द शोधत होते. 'सबमिट'ला 'सादर करा' हा शब्द मी मुद्दाम टाळला. मेकॅनिकला तक्रार सादर करायला सांगितली असती तर त्यानं आधी शर्ट खोचला असता. त्याऐवजी साधं 'पाठवा' केलं. सामानाच्या मागणीतल्या 'पेंडिंग'वर दोन दिवस गेले, शेवटी 'यायचंय' लिहिलं. तक्रारीच्या अवस्था तीन: नुकतीच आलेली, काम सुरू असलेली आणि निकालात निघालेली. त्यांना मी शब्द दिले नवी, चालू आणि बंद. त्याला मला अर्धं मिनिटही लागलं नाही.

रंगीत तालीम उत्तम झाली. नाईकसाहेबांनी, म्हणजे आमच्या सर्व्हिस मॅनेजरनी, स्वतः एक खोटी तक्रार नोंदवली, मी ती 'चालू' केली, टेलिफोनवरच्या शुभांगीनं ती 'बंद' केली. तिघांनीही माना डोलावल्या. सोमवारी सकाळी नवं ॲप सगळ्यांच्या मोबाइलवर गेलं आणि तासाभरात बाळाराम भोईरचा फोन आला. बाळाराम आमचा कल्याण भागातला सगळ्यात जुना मेकॅनिक, कधी कुणाचं कौतुक करेल तर शपथ.

"मॅडम, आपली भाषा आली मोबाइलमदी," तो म्हणाला. "मी पयल्यांदाच वाचून बटन दाबला."

मला भरून आलं. खोटं कशाला सांगू, मी वॉशरूममध्ये जाऊन डोळे पुसून आले. नाईकसाहेबांनी सगळ्यांसाठी वडे मागवले. संध्याकाळी पडद्यावर पाहिलं तर 'नवी' या खान्यात एकही तक्रार शिल्लक नव्हती. प्रत्येक तक्रारीला मेकॅनिकनी हात लावलेला. काही तर पंधरा मिनिटांत बंद. इतक्या झपाट्यानं आमच्या कंपनीत कधीच काही झालं नव्हतं, वडे सोडले तर.

बुधवारपासून 'चालू'ची यादी लांबायला लागली. नाईकसाहेब म्हणाले, "कामं अर्धवट सोडतायत. परत पाठवा सगळ्यांना." पाठवलं. गुरुवारी यादी आणखी लांबली. मी म्हटलं, नवं आहे, सवय होईल. उंटावरून शेळ्या हाकायला मला त्या खुर्चीनं शिकवलंच होतं.

शुक्रवारी सकाळी अकराच्या सुमारास मी माझ्या आणखी एका लाडक्या कल्पनेचा नारळ फोडायला बसले. बंद झालेल्या तक्रारींच्या लोकांना फोन करून ते समाधानी आहेत का, हे विचारायचं. पहिलंच नाव ठाकुर्लीच्या एका सहामजली सोसायटीतलं होतं, सहावा मजला, तांबे. फोन एका बाईंनी उचलला.

मी गोड आवाजात विचारलं, "तुमची लिफ्टची तक्रार होती, ती बंद झाली ना?"

"बंदच आहे हो," त्या म्हणाल्या.

"छान. मग तुम्ही समाधानी आहात?"

मग त्या म्हणाल्या, "अहो बाई, सोमवारपासून बंद आहे, सामान येतंय म्हणून रोज वाट बघतोय आणि तुम्ही मला समाधान विचारताय?"

"पण आमच्या मेकॅनिकनी तर बंद म्हणून..."

"त्यांनी बरोबरच सांगितलं की. बंदच आहे."

माझ्या हातातल्या पेन्सिलीचं टोक कागदावर मोडलं. तेवढ्यात पलीकडून फोन दुसऱ्या कुणीतरी घेतला. आवाज तरुण होता आणि अजिबात चिडलेला नव्हता. मृणाल तांबे, त्या बाईंची मुलगी. तिनं शांतपणे सांगितलं, "मी व्हीलचेअर वापरते. बॅटरीवरची आहे, मलाही आणि तिलाही एकत्र उचलणारा माणूस जन्माला यायचाय. उद्या सकाळी नऊला कल्याणला माझी परीक्षा आहे. सरकारी भरतीची. वयाच्या अटीत माझी ही शेवटची."

मी घाईघाईनं म्हटलं, "तोवर नाहीच झालं तर आपण चार माणसं पाठवू, तुम्हाला अलगद खाली..."

"उचलून नेणारे सोसायटीत आहेत हो," ती म्हणाली. "आणि खुर्ची? तिथं पोचल्यावर मी पेपर होईस्तोवर आणि नंतर कुणाच्या तरी हातांवर राहायचं का? मला उचलून घ्यायचं नाहीये. मला लिफ्टनं जायचंय."

मी बाळारामला फोन लावला.

"बाळाराम, ठाकुर्लीची तक्रार तुम्ही सोमवारीच बंद टाकलीत?"

"मंग? लिफ बंद हाय, तं बंदच टाकनार ना? चालू टाकू का खोटा?" तो म्हणाला. "दरवाजाचा लॉक गेलाय. सामानाची मागनी पन टाकलीय मी. सामान काय येत नाय. आनि तुमी मना तीन दिस डोंबिवलीला धाडताव, चालू लिफ बगाया. तिथला वॉचमन हासतो माज्यावर."

मी खुर्चीत मागे टेकले. आता लख्ख दिसत होतं. मी शब्द लिहिले होते तक्रारीसाठी. मेकॅनिक उभा होता लिफ्टसमोर. लिफ्ट सुरू केली की तो प्रामाणिकपणे 'चालू' दाबायचा, मग तक्रार लोंबकळत राहायची आणि आम्ही त्याला पुन्हा तिथेच पिटाळायचो. लिफ्ट सुरू झाली नाही की तितक्याच प्रामाणिकपणे 'बंद' दाबायचा, आणि तक्रार निकालात निघायची. पाच दिवस आमची कंपनी धडधाकट लिफ्टची सेवा करत होती आणि बिघडलेल्यांना विसरत होती. वर माझी हुशारी अशी की तक्रार बंद झाली की तिच्या नावाची सामानाची मागणी आपोआप रद्द व्हावी, असा नियम मीच मागच्या वर्षी बसवला होता. त्या नियमासाठी मला शाबासकीही मिळाली होती. ठाकुर्लीचं लॉक आमच्याच ऑफिसच्या मांडणीवर, माझ्या खुर्चीपासून वीस पावलांवर पडून होतं.

नाईकसाहेबांकडे गेले आणि सरळ सांगितलं, "चूक माझी आहे." त्यांनी कपाळ चोळलं. "तरी मी म्हणत होतो, इंग्रजीच बरं होतं. इंग्रजीत कधी असा घोळ झाला नाही."

त्यावर मी जे बोलले ते तेव्हा रागात बोलले, पण आजही मला तेच वाटतं. "साहेब, इंग्रजीत होतं तेव्हा ते कुणी वाचतच नव्हतं. बटणांचे लाल, पिवळे, हिरवे रंग बघून दाबत होते. मराठीत आल्यावर माणसांनी पहिल्यांदा वाचलं आणि त्यावर विश्वास ठेवला. घोळ भाषेचा नाही, मला विचारायचं सुचलं नाही त्याचा आहे." रंगीत तालमीत ऑफिसचे तीन लोक होते, लिफ्टला हात लावणारा एकही नव्हता. नटांना सोडून प्रेक्षकांनीच तालीम केली म्हणा ना.

पुढचे दोन तास शुभांगी आणि मी फोनला चिकटलो. बंद तक्रारींतल्या प्रत्येक इमारतीला एकच प्रश्न: लिफ्ट आत्ता माणसं नेते का? अकरा इमारती निघाल्या. दहांमध्ये दुसरी लिफ्ट तरी होती. ठाकुर्लीत एकच. साहेबांनी मेकॅनिक वाटून दिले. बाळारामला ठाकुर्ली. पण त्याला लॉक नेऊन कोण देणार? कोपरीला येऊन परत जायचं म्हटलं तर त्याची दुपार गेली असती. मी लॉक जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलं, डब्याच्या पिशवीत घातलं आणि निघाले. इतक्या वर्षांच्या नोकरीत लिफ्ट दुरुस्त होताना मी एकदाही पाहिली नव्हती.

बाळाराम वरच्या मजल्यावर दरवाजा उघडून तयारच होता. म्हणजे मला सहा मजले चढायचे होते. चौथ्यावर मी कठड्याला धरून उभी राहिले आणि पडद्यावर 'बंद' या शब्दाशेजारी दिसणारी ती सुबक तारीख मला आठवली. गुडघ्यांनी त्या तारखेचा अर्थ मला व्यवस्थित समजावला.

सहाव्या मजल्यावर लिफ्टसमोरच मृणाल खुर्चीत बसली होती, मांडीवर पुस्तक. तिच्या आईंनी मला पाणी दिलं आणि फोनवरचा राग विसरून म्हणाल्या, "बसा, केवढ्या धापा टाकताय." बाळारामनं लॉक काढलं, नवं बसवलं, दरवाजा दहा वेळा उघडून मिटून पाहिला. दरवाजा नीट लागल्याची खूण पटल्याशिवाय लिफ्ट जागची हलत नाही, हे मला माहीत होतं, पण ती बारीक 'टक्' मी प्रथमच ऐकली. मग काहीतरी गुरगुरलं आणि डबा खाली जायला लागला. अंगावर काटा आला माझ्या. पडद्यावर हजार तक्रारी बंद केल्या होत्या, असं कधी झालं नव्हतं.

डबा परत वर आला, तशी मृणाल खुर्ची वळवून आत गेली. खाली गेली, वर आली, पुन्हा खाली गेली. दुसऱ्यांदा वर आली तेव्हा हसत होती. "खात्री करत होते," ती म्हणाली.

तिथेच, जिन्याच्या वरच्या पायरीवर बसून मी बाळारामला विचारलं, "आता तुम्हीच सांगा, काय शब्द लिहू?"

बाळाराम हात पुसत म्हणाला, "मॅडम, तुमी बगताव तक्रार. आमी बगताव लिफ. पब्लिकला दोगांचा काय परलाय? पब्लिक जिन्यानी चाललीय का लिफनी, येवराच लिवा."

मी कपाळावर हात मारून घेतला. तीन आठवडे शब्दकोश उपसून मला जे जमलं नव्हतं ते या माणसानं बोटांचं ग्रीस पुसता पुसता सांगितलं. मी पिशवीतल्या वर्तमानपत्राच्या समासात लिहून घेतलं: लोक जिन्यानं. लोक लिफ्टनं.

मृणालनं मान वाकडी करून ते वाचलं. "आणि जे जिन्यानं जाऊच शकत नाहीत, ते लोक नाहीत का, काकू?"

मग मी तिसरी ओळ लिहिली: कुणीतरी घरात अडकलंय.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या आधी मृणालच्या आईंचा फोन आला, "पोचली बरं का. स्वतःची स्वतः आत गेली." त्या वेळी मी ऑफिसात 'रंगीत तालीम' उघडून बसले होते आणि माझ्या शेजारी चार मेकॅनिक बसले होते. आमच्या ऑफिसात मेकॅनिक खुर्चीवर बसण्याचा तो पहिलाच प्रसंग. त्यांनी माझे सव्वीस शब्द बदलले. मी एकालाही हरकत घेतली नाही. तिसऱ्या ओळीसाठी मी नवा नियम बांधला. ती निवडली की तक्रार सगळ्यांच्या वर जाणार, नाईकसाहेबांचा फोन वाजणार, आणि त्या घरातल्या माणसाशी बोलल्याशिवाय ती कुणालाही मिटवता येणार नाही. नव्या रिलीजमध्ये हे सगळं दुपारभरात जमलं. जुन्यात जमलंच नसतं, म्हणून त्या परदेशी लोकांना मी मनातल्या मनात पेढा भरवला.

खंत एकच राहिली. त्याआधीच्या वर्षांत आमच्याकडे किती जण असे घरात अडकून राहिले असतील, ते मला कधीच कळणार नाही. रजिस्टरमध्ये तसा रकानाच नव्हता, आणि रजिस्टर मीच आखत होते.

नंतर दीडेक वर्ष गेलं. तोवर ते ॲप आम्ही गिऱ्हाइकांनाही दिलं होतं, तक्रार त्यांची त्यांना टाकता यायची. माझ्या निवृत्तीला दोन महिने उरले होते. एका सकाळी ऑफिसात फोन आला, शुभांगीनं तो माझ्याकडे दिला. "मॅडम, ह्या म्हणतायत तुमच्या यादीत चूक आहे."

मी जरा ताठ होऊनच फोन घेतला.

"काकू, मी मृणाल तांबे. कल्याणला आमच्या ऑफिसची लिफ्ट तुमच्याकडेच आहे. ती अडलीय आणि मी तुमच्या ॲपवर तक्रार टाकायला बसलेय. पण मी यातल्या कशातच बसत नाहीये."

"का? तिसरी ओळ आहे की. तुझ्यासाठीच केली."

"हो, पण तिथं लिहिलंय 'घरात'. मी घरात नाही अडकलेय, काकू. मी कामावर आलेय. खाली, ऑफिसच्या दारात अडकलेय. मला वर जायचंय, माझं टेबल तिसऱ्या मजल्यावर आहे."

मी तिला फोन चालूच ठेवायला सांगितलं, बाळारामला पिटाळलं, आणि ॲप उघडून त्या तिसऱ्या ओळीतला 'घरात' हा शब्द पुसून टाकला.